उन्हावर भरणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना बॅटरीचा डबा आहे. हसू नका. पत्र्याचं अंग, वर उचलायला मूठ, पोटात जड बॅटरी आणि कपाळावर दोन बारके दिवे, एक लाल नि एक हिरवा. आज दोन्ही विझले आहेत. पण एके काळी बोडीटोला या आमच्या वस्तीत माझ्याइतका भाव कोणालाच नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात टेलिफोनवाल्यांच्या जीपमधून धक्के खात मी चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यातल्या या टोल्यावर आलो. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून वीसेक घरं आणि मागं नुसतं रान. विजेचा खांब अजून आला नव्हता. म्हणून इथं बिनतारेचा फोन बसवला आणि त्याला चालवायला मला ठेवलं. माझ्यासोबत एक सौर पाटीही आली. काळी, काचेची, निम्म्या खाटेएवढी. ती अंगणात लोखंडी पायांवर थोडी कलती बसवली. ऊन खायचं तिनं आणि पोट भरायचं माझं, असा आमचा संसार!

फोन मनकर्णाबाईच्या घरी बसला. मनकर्णाबाई तलावात झिंगे-मासोळ्या धरून पोट भरणारी एकटी बाई. नवरा कधीच गेला होता. एकुलती एक मुलगी दिव्यानी, तीही घरात नव्हती. जिवतीकडच्या देवानंदशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं. त्या दिवशी आई रागाच्या भरात म्हणाली होती, “मले तोंड दाखवू नको!” पोरगीही आईवरच गेलेली, तिनं खरंच दाखवलं नाही.

“बाई, ही पाटी रोज पुसत जा,” बसवणाऱ्यानं बजावलं होतं. “तिच्यावर धूळ, कचरा बसू देऊ नका.” बाई रोज पहाटे ओल्या फडक्यानं पाटी पुसायची, मग मलाही पुसायची. माझे ते दिवस सोन्याचे होते. मिरची तोडायला आंध्रात गेलेल्या माणसांचे फोन यायचे आणि बाई पाळीवर उभी राहून हाका मारायची, “रुखमाबाई, पळ वं, तुह्या लेकाचा फोन!” रुखमाबाई हातातलं काम टाकून धावत यायची. बोलणं झालं की लोक फोनकडं बघून हात जोडायचे. माझ्याकडं कोणी बघत नसे, पण मला राग येत नसे. आपल्या पोटातलं बळ दुसऱ्याच्या तोंडी लागतंय, यातच मला समाधान होतं.

सगळ्यांचे फोन यायचे. बाईचा मात्र एकही आला नाही. अंगण रिकामं झालं की ती माझ्याजवळ बसायची आणि मुठीवर हात ठेवून म्हणायची, “जग बोलून राह्यलं रे तुह्यावर. माहीच पोरगी मुकी झाली.” एकटेपणा म्हणजे काय, ते मी तिच्या त्या हातावरून शिकलो.

दुसऱ्या वर्षी थंडीत गोपाल आला. हा टोल्यातलाच. बाईचे झिंगे बसनं चंद्रपूरच्या बाजारात नेऊन विकायचा. त्या शुक्रवारी तो सायकल भिंतीला टेकवून दारातच बसला.

“बाई, दिव्यानी भेटली होती बाजारात. देवानंदले गुजरातेत काम लागलं. रविवारी बाराच्या गाडीनं जाऊन राह्यले दोघं.”

बाई चुलीपासून उठली नाही. “मले काऊन सांगतोस?”

“तिनंच धाडलं. नंबर बी लिहून घेतला माह्यापासून. म्हने, जायच्या आधी टेशनावरच्या बूथवरून फोन करीन. माय बोलंल का, एवढं इचारून ठेव.”

बाईनं चुलीत लाकडं सारली. मग हळूच म्हणाली, “बोलीन. येऊन जाय म्हनीन.”

आता मी तुम्हाला माझं खरं दुखणं सांगतो. आठवडाभर आभाळ होतं. माझ्या पोटात जेमतेम जीव उरला होता. फोनला तो पुरला पाहिजे म्हणून बाईनं माझ्यावर चालणारा रात्रीचा दिवाही लावणं बंद केलं होतं, इतकी ती जपत होती. आणि शनिवारी लख्ख ऊन पडलं. मी म्हटलं, चला, आज पोटभर!

पण बाईच्या डोक्यात दुसरंच होतं. दिव्यानीला वाळले झिंगे जिवापाड आवडायचे. गाडीत बसायच्या आधी तिच्या हाती पडावेत, असं बाईनं ठरवलं. जमिनीवर चटईत झिंगे वाळायला तीन दिवस लागतात, वर कावळे आणि कुत्री. आणि ही काळी पाटी तर तव्यासारखी तापलेली! बाईनं पाटी स्वच्छ पुसली आणि तिच्यावर टोपलीभर झिंगे नीट पसरले. मध्येच ती पाटीच्या काठाला हात लावून बघायची. “तापली म्हंजे भरून राह्यली,” असं मला सांगायची.

अगं बाई, तापानं नाही, उजेडानं भरतो मी! हे मी कसं सांगणार? धूळ-कचरा नको, एवढंच तिला बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. आणि पोरीसाठी वाळवलेले झिंगे तिच्या लेखी कचरा नव्हते. दिवसभर मी उपाशी राहिलो. संध्याकाळी माझा भुकेचा लाल दिवा तिला दिसला, तेव्हा ती म्हणाली, “उद्या सकाळचं ऊन हाये अजून.”

रविवारी सकाळी आभाळ पुन्हा भरून आलं. गोपाल झिंग्यांची पिशवी घेऊन नऊच्या बसनं स्टेशनाकडं गेला. बाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून फोनपाशी बसली. अकराच्या सुमारास घंटी वाजली. बाईनं दोन्ही हातांनी फोन उचलला.

“माय?” पलीकडून दिव्यानी म्हणाली.

दोन वर्षांनी ऐकलेला तो एक शब्द! बाईनं फोन कानाशी घट्ट धरला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी शेवटचा थेंब थेंब काढून देत होतो. बोल बाई, बोल लवकर!

“माय, आयकून राह्यली का? माय?”

शेवटी बाई म्हणाली, “दि…”

तिथंच माझा जीव संपला.

बाईनं फोन हलवला, मला हलवलं, तार काढून परत लावली. मग मला उचलून पाटीखाली नेलं आणि हात वर करून आभाळाला शिव्या दिल्या. बारा वाजून गेले.

संध्याकाळी गोपाल परत आला. झिंग्यांची पिशवी त्याच्या हातात तशीच होती.

“पोहोचलो तवा ती बूथाभाईर रडून राह्यली होती. म्हने, मायनं आवाज आयकला अन् फोन ठेवून देला. म्या लय सांगतलं, माय बोलनार होती म्हनून, पन तिनं मानलं नाई. पिशवी बी घेतली नाई. म्हने, बोलाले नाई पाह्यजे, मंग झिंगे काऊन धाडते?”

“म्या नाई ठेवला रे, गोपाल! तिले सांग जाऊन!”

“कोनाले सांगू बाई? गेली गाडी. पत्ता त्याहिले बी मालूम नोहोता.”

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मी गच्च भरलो. हिरवा दिवा लागला. मला त्याची लाज वाटली. पुढं किती दिवस भरलो, पण तो फोन पुन्हा आला नाही.

वर्षांमागून वर्षं गेली. टोल्यात वीज आली, पोरांच्या खिशात मोबाइल आले. माझ्याकडं कोणी फिरकेना. आतल्या आत माझ्या पट्ट्या गंजल्या. टेलिफोनवाले फोन काढून न्यायला आले, तेव्हा बाई उंबऱ्यात आडवी बसली. “तिच्यापाशी हाच नंबर हाये,” म्हणाली. ते परत गेले. मला ती अजूनही रोज पुसते, पण मी आता भरत नाही. हे तिला कळत असेल का, मला माहीत नाही.

मित्रांनो, बॅटरी उपाशी ठेवू नका, पाटीवर सावली पडू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. बोलता बोलता फोन तुटला, तर समोरच्यानं ठेवला असं मनाशी धरू नका. एकदा परत लावून पाहा. आणि गुजरातेत कुठं देवानंदची दिव्यानी भेटली, तर तिला एवढा निरोप द्या. पोरी, तुझ्या आईनं फोन ठेवला नव्हता. ती तुला ‘ये’ म्हणणार होती. संपलो तो मी.