गोदामातल्या माणसांचा नट्टापट्टा

सन १९३७चा मार्गशीर्ष. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताच्या जोडीने नागपुरातून चालायचा, आणि वडनेर भोलजीत गावाबाहेरच्या सरकीच्या गोदामात बिनघराची बारा-पंधरा माणसं सुखाने नांदत होती. गोदाम पंजाबरावांचं. पुरात नदीकाठची घरं वाहून गेली तेव्हा त्यांनी ते रिकामं करून दिलं होतं. ज्यांना जमलं त्यांनी पुन्हा घरं बांधली, ज्यांना नाही जमलं ते तिथेच राहिले, आणि मग आसपासच्या गावांतला ज्याला कोणी नाही तोही तिकडेच वळू लागला.

गावातल्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. ज्या घराची पाळी, तिथून कालवणाचं भगुनं यायचं. जवारी तालुक्याहून सरकार द्यायचं, भाकरी गोदामातल्या बायका थापायच्या. नवा माणूस आला की आधी ऊनऊन पाण्याची आंघोळ, मग पोटभर जेवण, आणि जेवण होईपर्यंत नाव-गाव विचारायचं नाही असा नेम. दुसऱ्या दिवसापासून जमेल ते काम: पत्रावळी लाव, गोधडी शीव, नाहीतर कापूस वेचायला जा. घोरणाऱ्यांनी दाराजवळ निजायचं.

हा सगळा पसारा शालूबाई सांभाळायची. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि हिला बाहेर काढलं. जानेफळच्या भावाने गोठ्यात एक कोपरा दिला, तोही भावजय रोज ऐकवायची. कापूस वेचायच्या हंगामात ती वडनेरला आली आणि गोदामातच राहिली. इथे तिच्या हाती चुलीची किल्ली होती म्हणा ना! तिला विचारल्याशिवाय कुणी मीठसुद्धा घेत नसे.

त्या मार्गशीर्षात निरोप आला की तालुक्याहून लक्ष्मीकांतराव साहेब पाहणीला येणार, जवारी पुढे द्यायची की नाही ते ठरवणार. पंजाबरावांनी सांगून टाकलं, "सरकारची जवारी चालू हाये तोवर गोदाम तुमचं. बंद झाली का म्या कापूस भरतो. यंदा ठेवाले जागा नाई मले." म्हणजे जवारी गेली की छप्पर गेलं, आणि शालूबाईला पुन्हा जानेफळचा गोठा.

आता गावाला काय सुचावं? पंजाबरावांच्या पुष्पाबाईंनी सगळ्या बायका गोळा केल्या. "साहेबासमोर आपल्या गावची मानसं फाटकी दिसली तं वडनेरची काय इज्जत राह्यली वं?" घरी पाहुणा आला की शेजारणीची पैठणी मागून नेसायची, ही तिथली रीतच. साहेब यायच्या दिवशी सकाळी सकाळी गोदामात लुगडी, फेटे, कोट, दागिने येऊन पडले. पुष्पाबाईंनी आपली नथ शालूबाईच्या नाकात घातली. आडोसा नव्हता, म्हणून बायकांनी आपल्या जुन्या लुगड्यांवरूनच जरीची लुगडी गुंडाळली आणि सगळ्या भोपळ्यासारख्या गरगरीत दिसू लागल्या. म्हाताऱ्या गोजरबाईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. पायाने अधू निवृत्तीला गावातल्या उकंडरावांचा नवाकोरा कोट आणि गुलाबी फेटा. खरं तर ते दोन्ही उकंडरावांनी लेकाच्या लग्नासाठी घेतले होते. दुपारी वरात चांदूरला निघायची होती, पण साहेब सकाळीच येऊन जाणार होते.

साहेबांची मोटार वाटेत रुतली. सकाळची दुपार झाली. वेशीजवळ वरातीच्या गाड्या जुंपून उभ्या, बैल घुंगरं वाजवून राहिलेले, आणि वराचा बाप उघड्या डोक्याने गोदामाच्या दाराबाहेर येरझारा घालतोय!

तेवढ्यात साहेब आलेच. निवृत्ती बाजेवर बसून म्हणाला, "या साहेब, बसा. शालू, साहेबाले चहा सांग!"

साहेबांनी त्याला हात जोडले. "आपणच पंजाबराव ना? निराश्रित कुठे आहेत?"

"म्याच निराश्रित आहो जी."

साहेब मोठ्याने हसले. "फार विनोदी आहात. खरं सांगा, कुठे आहेत?"

"मीबी हाये ना, लेकरा," माळ सारखी करत गोजरबाई म्हणाली. "दोन वर्सं झाले, घर नाई, दार नाई."

साहेबांनी एकेकीकडे पाहिलं. जरीकाठ, बुगड्या, वाक्या. त्यांचं हसू मावळलं. "असे निराश्रित असतील तर मीच नोकरी सोडून इथे राहायला येतो! सरकारची चेष्टा आहे ही. जवारी उद्यापासून बंद."

मागे उभ्या पंजाबरावांचे डोळे गोदामाच्या लांबीरुंदीवरून फिरू लागले. पुष्पाबाईंनी पदर तोंडात धरला. आता गावाने खरं सांगावं तर मागून आणलेल्या कपड्यांची लाज, आणि न सांगावं तर गोदाम जातंय.

शालूबाईला त्या दिवशी आरशात आपलंच तोंड आवडलं होतं. कितीतरी दिवसांनी ती घरधनीण दिसत होती. तिने एकदा चुलीकडे पाहिलं, नाकातली नथ काढली आणि सगळ्यांसमोर पुढे केली. "पुष्पाबाई, घ्या तुमची नथ."

"अवं, गप! साहेबासमोर?"

"साहेबासमोरच." असं म्हणून तिने स्वतःभोवती गिरकी घेत जरीचं लुगडं सोडलं. आत तिचं ठिगळांचं जुनेर होतं तसंच होतं.

दारातल्या उकंडरावांना एवढंच पाहिजे होतं. ते आत घुसले. "निवृत्ती, काढ बे माहा कोट! वरात थांबून राह्यली!"

"थांबा ना मालक, साहेब पाहून राह्यले!"

"पाहू दे! तिकडं मुहूर्त चालला!" उकंडरावांनी फेट्याचं टोक धरून ओढलं, तसा निवृत्ती एका पायावर भोवऱ्यासारखा फिरत गेला आणि थेट साहेबांच्या अंगावर आला. कोटाच्या आत गोणपाटाची बंडी निघाली. मग तर दारातून सगळ्याच मालकिणी आत आल्या. "माह्या बुगड्या!" "ते लुगडं माह्या सुनेचं हाये!" कुणी कुणाचंही ओढत होतं. गोजरबाई माळ दोन्ही हातांनी धरून बसली. "साहेब गेल्यावर देतो. मले अजून पुरतं नटू तं द्या!"

साहेब आधी भांबावले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसत बाजेवरच बसले. हसू ओसरल्यावर त्यांनी ठिगळं पाहिली, गोणपाटाची बंडी पाहिली, आणि शालूबाईला म्हणाले, "बाई, हे आधीच का नाही दाखवलंत?"

"गावाची इज्जत होती जी. पन इज्जतीखाली निजता नाई येत."

"जवारी चालू राहील," साहेब म्हणाले. पंजाबराव खाकरले आणि कापसाचं पाहू कुठेतरी, असं पुटपुटले. उकंडराव फेटा बांधता बांधता ओरडले, "चाला बे सारे वरातीत! गाड्यात जागा हाये!" आणि सगळं गोदाम आपापल्या फाटक्या कपड्यांनिशी चांदूरला जाऊन वांग्याची भाजी आणि रोडगे हाणून आलं.

साहेबांची पुढे यवतमाळला बदली झाली. थंडी पडली की त्यांच्याकडून घोंगड्या येत राहिल्या. गोजरबाई दुसऱ्याच हिवाळ्यात गेली, तिला खांदा द्यायला उकंडराव स्वतः होते. त्यांच्या त्या लेकाला तीन मुली झाल्या, तिन्ही शिकल्या. निवृत्तीला लग्नांत ढोल वाजवायची चटक लागली आणि त्यातच त्याने अकोल्याकडची एक वाजंत्री बायको केली. पंजाबरावांनी कापूस घरात, माजघरापर्यंत भरला. पुष्पाबाई वर्षभर शिंकत राहिल्या, पण पाळी त्यांनी कधी चुकवली नाही. वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतर गोदामात शाळा भरू लागली, आणि शालूबाई शाळेची पाणी भरणारी बाई म्हणून तिथेच राहिली. तिचा नवरा दम्याने बेजार होऊन एक दिवस दारात आला. तिने त्याला ठेवून घेतलं. शेवटची पाच-सहा वर्षं तो तिच्या हाताखाली चुलीपुढे बसत होता. भाकरी मात्र त्याला कधीच गोल थापता आली नाही.