भाऱ्याखालचं माणूस

आमच्या गाडीला ड्रायव्हर लागत नाही. कॅमेऱ्यातल्या चित्रात माणूस कुठे, कुत्रं कुठे, टेम्पो कुठे, हे तिचं ती ओळखते; आणि ते ओळखायला तिला शिकवणं हे गेली कित्येक वर्षं माझं काम आहे. माणूस दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते. पुण्यात उमटते, बंगळूरला उमटते. फक्त आमच्या निरगुडसरच्या बायकांभोवती उमटत नाही.

कारण संध्याकाळी त्या शेतातून येतात तेव्हा डोक्यावर वाढ्यांचा भारा असतो. उसाच्या शेंड्यांची ती हिरवी पानं पुढून छातीपर्यंत लोंबतात आणि मागून कमरेखाली. आमची गाडी त्याला झुडूप म्हणते. झुडूप काही रस्ता ओलांडत नाही, म्हणून ती वेगही कमी करत नाही.

माझ्याच आईचा मोबाइलवर घेतलेला एक व्हिडिओ मी आमच्या सॉफ्टवेअरला दाखवून पाहिला, तेव्हा हे सापडलं. मी आमच्या टीमच्या प्रमुखाला, सुदर्शनला, दाखवलं. तो माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे.

"मोहिनी, मोबाइलवरच्या व्हिडिओंनी रिलीज थांबत नाही," तो म्हणाला. "शेवटच्या चाचणीत दिसलं तर थांबेल."

नियमच तसा आहे. शेवटच्या चाचणीत एक जरी माणूस निसटलं तर सॉफ्टवेअर बाजारात जात नाही. मग मी सगळ्यांचं डोकं खाऊन त्या चाचणीत आमचा निरगुडसर-लोणी रस्ता घालून घेतला, तोही संध्याकाळचा. स्टिअरिंगपाशी माणूस बसणारच होता, कुणाला धोका नव्हता. मला फक्त गाडी नापास व्हायला हवी होती. परवानगीसाठी सरपंच गोकुळभाऊंना फोन केला, एवढंच काय ते मी गावाला कळवलं.

चाचणीच्या संध्याकाळी मला, सुदर्शनला आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांना घेऊन गाडी वेशीजवळ आली, आणि पाहते तर काय! रस्ता झाडून सडा टाकलेला. माझा पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला फ्लेक्स, त्यात मी एखाद्या फरार आरोपीसारखी दिसत होते. ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही, एक शेळीसुद्धा नाही. आणि दोन्ही बाजूंना बायका, ठेवणीतल्या साड्या नेसून, रिकाम्या डोक्यांनी उभ्या.

पडद्यावर चौकटीच चौकटी उमटल्या. एकही बाई सुटली नाही.

गाडी थांबली तसे गोकुळभाऊ हार घेऊन पुढे आले. "काय बी काळजी करू नका ताई. आदीच सांगून ठेवलं व्हतं, आज कुनी भारा घेऊन रस्त्याला यायचं नाय. आपल्या पोरीच्या गाडीला आपनच आडवं जायचं व्हय?"

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, पोरगी भारावली.

आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. मी तिचा दंड धरला. "आई, एक भारा घे डोक्यावर. आत्ता. या कडेनं त्या कडेला चाल."

"येडी का काय तू? ह्या साडीवर? पावन्यांपुढं?"

शेजारच्या रत्नाकाकू हसल्या. "मोहिने, आज तरी आमाला जरा मानसात राहू दे की."

मी सुदर्शनकडे वळले. "उद्या परत येऊ. न सांगता."

"आपण सांगून उभं केलेलं माणूस चाचणीत धरत नाहीत, पण हे तर आपणहून जमलेत, म्हणजे चाचणी खरीच धरावी लागणार. तू तर यांना बोलावलं नाहीस." त्याने मोठ्या साहेबांकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, मोहिनी. आता मी काय दाखवू?"

साहेबांना तोवर फेटा बांधून झाला होता. आईने गाडीच्या नाकाला कुंकू लावलं, तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेला लागू नये म्हणून सुदर्शनने हात आडवा धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून करणार काय होते?

पाहुणे गेले. आईने घाईघाईने साडी बदलली, म्हशी ओरडत होत्या.

"मी दिसले का गं तुज्या गाडीला?" तिने विचारलं.

"दिसलीस."

"लांबनं?"

"लांबूनच."

ती लई खूश झाली. "मंग कवा निघनार ह्या गाड्या?"

"दिवाळीच्या आत."

"आपल्या बी रस्त्यानं येतील?"

"येतील."

"येऊ दे," ती म्हणाली आणि विळा-दोर घेऊन वाढं आणायला रस्त्याला लागली. मी तिला अडवलं नाही. अडवून तरी किती संध्याकाळी अडवणार होते?