पांढऱ्यावरचा ठिपका

सकाळी चूळ भरताना थुंकीत लाल दिसलं, की आपण काय करतो? नळ जरा मोठा सोडतो. लाल वाहून गेलं की दुखणंही गेलं, असं स्वतःला सांगून टॉवेल उचलतो. शिंपीमास्तर गेली दोन वर्षं नेमकं हेच करत होते.

मास्तरांचं दुकान मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. एक मशीन, एक लांब टेबल, आणि भिंतीपलीकडे इस्त्रीवाले काका. पंचवीस वर्षं दवाखान्यातल्या नर्सचे पांढरे गणवेश मास्तरच शिवत आलेले. पांढरं कापड भल्याभल्यांना घाबरवतं, कारण त्यावर काही लपत नाही. मास्तर मात्र चहा दुकानाबाहेर उभं राहून प्यायचे, साबणाने हात धुवायचे आणि मगच कापडाला हात लावायचे. ‘पांढरं काम मास्तरांचं’ असं लोक म्हणत, तेव्हा त्यांना मूठभर मांस चढायचं.

एक खोड मात्र होती. गळ्यात नाडीला कात्री लटकत असायची, पण शिलाई संपली की दोरा तोडायचा तो दातानेच! हात कात्रीकडे जाईपर्यंत मान खाली वळलेली असायची. मुरलेली सवय ती, तिला कोण काय करणार?

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मास्तरांनी स्वतःच स्वतःचे डॉक्टर व्हायचं ठरवलं. ब्रशने रक्त येतं, तर ब्रश बंद. चावलं की दुखतं, तर चावणं बंद. मग काय, चहात बुडवलेला पाव, चहात बुडवलेली बिस्किटं आणि मऊ भात. बायको रोज सकाळी काकडी, गाजर, सफरचंद चिरून एक वेगळा डबा द्यायची आणि दारातून बजावायची, “अहो, चावून खा हं.” मास्तर हो म्हणायचे आणि दुपारी एकला तो डबा गुपचूप काकांना द्यायचे. काका त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे, पण त्यांच्या गाजर चावण्याचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. संध्याकाळी डबा रिकामा बघून बायको खूश. इकडे मास्तर औषधाच्या दुकानातली एकूण एक टूथपेस्ट आणून, ती बोटाने हिरड्यांना चोळून दमलेले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

त्या आठवड्यात अठरा गणवेशांचं काम होतं. नव्या मुली शनिवारी शपथ घेऊन कामावर रुजू होणार होत्या. गुरुवारी दुपारी मोठ्या सिस्टर गणवेश बघायला आल्या. त्यांनी पहिला उचलला, कॉलर उलटली आणि चष्मा वर केला. कॉलरच्या कडेला मोहरीपेक्षाही लहान तपकिरी ठिपका होता. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्याच्या बाहीवरही. मास्तरांनी घाईघाईने उरलेले उलटून बघितले, तर अठराही गणवेशांवर तो होताच.

सुई टोचली असेल, असं ते पुटपुटले.

“अठरा वेळा?” सिस्टरांनी शांतपणे विचारलं. “आणि दर वेळी दोऱ्याच्या टोकापाशीच?”

त्यांनी मास्तरांना मशीनच्या दिव्याखाली तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजून लालबुंद झाल्या होत्या. जेवणात काय असतं, हे विचारल्यावर मास्तरांनी छाती काढून सांगितलं, की रोज डबाभर फळं आणि कच्च्या भाज्या घरून येतात आणि डबा रिकामा परत जातो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात! पण त्याच घटकेला काका दारात आले. आज गाजरं अगदी गोड होती, सफरचंदाच्या दोन फोडी उरल्या आहेत, असं म्हणून त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मास्तर जमिनीकडे बघू लागले.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी डब्यातली एक फोड पुढे केली आणि चावायला सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटून चावली. उरलेला तुकडा हातात बघितला, तर पांढऱ्या गरावर लाल ओघळ! आयुष्यभर पांढऱ्यावरचा डाग हुडकणारा माणूस तो, त्याला आणखी काय सांगायचं?

तरी सिस्टरांनी सांगितलंच. “रक्त येतं म्हणून तुम्ही ब्रश सोडलात, मास्तर, म्हणून घाण तिथेच साचली आणि हिरडी आणखी सुजली. पाव-बिस्किटं दातांना चिकटून बसतात. फळं-भाज्या चावाव्या लागतात, त्यांनी लाळ सुटते आणि लाळ दात धुते. पेरू, संत्रं, पालेभाजी यांतून हिरड्यांना बळ मिळतं. पण नुसत्या खाण्याने भागणार नाही. आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा, आणि रोज दोन वेळा मऊ ब्रश.”

मास्तरांनी मान हलवली. मग सिस्टर जे बोलल्या ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. “हे अठरा मी नीट धुवून घेते. पण पुढचं काम तोंड बरं झाल्यावरच. रक्त लागलेला कपडा मी माझ्या मुलींना घालू देणार नाही.”

पंचवीस वर्षांचं पांढरं काम असं टेबलावरून उठून गेलं.

संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं, काकांच्या डब्यासकट. ती विळीपाशी बसली होती. तिचा अंगठा गेलं वर्षभर दुखत होता, तरी रोज सकाळी चिरणं चुकलं नव्हतं.

“मी फोडी जाड चिरते, म्हणून नाही ना खाल्ल्यात?” तिने विचारलं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसं काही नाही, असं ते घाईघाईने म्हणाले. त्यावर ती म्हणाली, “मग दुखतंय म्हणून सांगायचंत. वाफवून दिलं असतं.” एवढी साधी गोष्ट, आणि त्यांना दोन वर्षं सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गाजर वाफवून यायला लागलं. डॉक्टरांनी दात साफ करून दिले आणि थोडं आधी यायला हवं होतं, असं सुनावलंही. पहिला आठवडा ब्रश नकोसा झाला, पण मास्तरांनी नेट सोडला नाही. महिन्याभराने किसलेली काकडी, मग पातळ फोडी, मग जाड. चिरायला आता मास्तर स्वतःच बसायचे, आणि शिंप्याचा हात तो, एक फोड दुसरीपेक्षा जाड होईल तर शपथ! काकांनी मात्र तक्रार केली, की दात आहेत तर चणे नाहीत अशी माझी गत झाली. तेव्हा मास्तर दोन डबे आणू लागले.

तीन महिन्यांनी मोठ्या सिस्टर आल्या. काखेत पांढऱ्या कापडाचा तागा होता, पण तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही. पिशवीतून एक टणक पेरू काढला आणि मास्तरांपुढे धरला. पलीकडे काकांची इस्त्रीही थांबली. मास्तरांनी हात पुसले, पेरूचा कचकन मोठा चावा घेतला आणि उरलेला पेरू दिव्याखाली धरला. गर पांढराशुभ्र होता.

सिस्टरांनी तागा टेबलावर ठेवला. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना काही बोलताही येईना.

त्या दिवशी पहिली शिलाई संपली तेव्हा सवयीने मान खाली वळलीच. मग ती थांबली आणि मास्तरांनी गळ्यातली कात्री उचलली.

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कुणीतरी सकाळी आपल्यासाठी फळं, भाज्या चिरत असतं. तो डबा ज्याच्यासाठी भरला, त्यानेच खावा. दुखत असेल तर घरात सांगावं, डॉक्टरांना दाखवावं, पण चावणं सोडू नये. नळ मोठा सोडला की लाल वाहून जातं. दुखणं तोंडातच राहतं.