चेनवाल्या मावशींचं म्हणणं

बाजारातल्या जागांच्या नियमावरची ही तिसरी सुनावणी, आणि स्टेनोबाईंचे कान किटले होते. व्यापाऱ्यांचे वकील उभे राहिले की स्वातंत्र्य: ज्याला जिथं बसायचंय तिथं बसू द्या, आधी येईल त्याची जागा. संघटनेचे पुढारी उभे राहिले की न्याय: दर महिन्याला चिठ्ठ्या टाका, जागा वाटून द्या. ‘रस्त्यावरचा गरीब माणूस’ म्हणताना दोघंही छातीवर हात ठेवत. तो माणूस कुठं बसलाय हे मात्र दोघांनीही वळून पाहिलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे बॅगांच्या चेन दुरुस्त करणाऱ्या मावशी. तिन्ही वेळा काम बंद ठेवून त्या आल्या होत्या, आणि दोनदा त्यांचा नंबर लागण्याआधीच वेळ संपली होती. आज त्या स्टेनोबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. बसल्याबसल्या त्यांनी बाईंच्या पर्सची अडकलेली चेन न विचारताच नीट करून दिली.

अखेर मावशींना पुकारलं, आणि नेमके तेव्हाच वकील पुढाऱ्यांना काहीतरी लागेलसं बोलले. झालं. दोन्हीकडची माणसं उभी राहून एकमेकांचा उद्धार करू लागली. स्टेनोबाईंनी एकोणीस वर्षांच्या सवयीनं वहीत कंसात ‘गोंधळ’ लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मावशी त्या गदारोळातच उठल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या.

“लोक बॅग टाकून जातात, आठ-आठ दिवसांनी न्यायला येतात. मी बाहेरच्या त्या खांबापाशी असते, म्हणून टाकतात. उद्या माझी जागा हलली तर ते मला शोधणार कुठं? चोर म्हणतील मला. एवढंच सांगायचं होतं.”

त्या खाली बसल्या. “बाई, माझं लिहिलंत ना?”

पेन्सिल तशीच पडली होती. “हो,” स्टेनोबाई म्हणाल्या.

“मग झालं माझं काम,” म्हणत मावशी निघून गेल्या.

निर्णय देणारी समिती इथं हजर नव्हती; ती सुनावणीचं इतिवृत्त वाचूनच ठरवणार होती. स्टेनोबाईंना स्वतःची लाज वाटली. टाइप करताना त्यांनी मावशींचं सगळं बोलणं आठवून घातलं. एक शब्दही चुकला नाही. मग कागद सहीसाठी दोन्ही बाजूंपुढे ठेवले.

“हे कधी झालं?” वकिलांनी विचारलं. “मी नाही ऐकलं.”

“मीही नाही,” पुढारी म्हणाले.

तीन सुनावण्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. आणि ते खोटंही बोलत नव्हते.

“तुमच्या वहीत असेल ना?” वकिलांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

स्टेनोबाईंनी वही उघडून दाखवली. कंसातला एक शब्द, आणि खाली कोरं पान. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी त्या ओळी खोडल्या. सह्या झाल्या.

पाचला त्या बाहेर पडल्या. मावशी खांबापाशी कुणाचीतरी बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओळख पटताच त्यांनी लांबूनच हात केला. स्टेनोबाईंनी पर्स काखेत धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून चालू लागल्या.