तबकडीवरचे दहा वाजून दहा

काळी.

वडिलांनी दोघा भावांना एकसारखी घड्याळं दिली होती, काळ्या तबकडीची. थोरला जमिनी मोजायच्या कामावर ते घालून उन्हातान्हात हिंडला. धाकट्याने मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि वर्षानुवर्षं ऐकवलं, "दादा, वाट लावलीस घड्याळाची!"

तपकिरी.

मग धाकट्याला जुनी घड्याळं जमवायचा नाद लागला आणि कळलं, की उन्हाने दादाच्यासारखी खजुराच्या रंगावर गेलेली तबकडी म्हणजे जाणकारांचा जीव की प्राण. वाट लागलेलं ते अमूल्य. जपलेलं ते चारचौघांसारखं. आता दादाकडे कोणत्या तोंडाने मागणार?

अजून काळीच.

शहाण्याने स्वतःचं घड्याळ खिडकीत ठेवलं.

"पाणी घालू का? उगवेल काहीतरी," बायको म्हणाली.

"उन्हाने किंमत वाढते."

"मग तुम्हीही बसा शेजारी."

तपकिरी! (जवळजवळ.)

उन्हाळा सरता सरता रंग उतरला. त्याने लगेच फोन केला, "दादा, माझंही तुझ्यासारखंच झालंय! रविवारी दहाला ये." मग चावी दिली. काटे हलले, आणि होते तिथे दोन काळे काटे उरले. बंद घड्याळ उन्हाळाभर दहा वाजून दहावर उभं होतं. काट्यांखाली ऊन पोचलंच नव्हतं. चावी द्यायची राहिली होती. म्हणे जाणकार!

हरकत नाही. दहा वाजून दहाला खरे काटे बरोबर त्या डागांवर येत. मिनिटभर लाज झाकली जाई. तेवढ्यात दादाने 'व्वा' म्हटलं की झालं.

रविवार.

"दादा, बघ ना! आत्ता!"

"चहा तर पिऊ दे. दहा वाजायचेत अजून." दादाचं घड्याळ कायम मागे.

दादाने कप ठेवला, चष्मा पुसला, चढवला. सव्वादहा.

"अरे, ह्याला चार काटे आहेत."

बायको हसू दाबत आत पळाली.

"उन्हात ठेवलं होतंस?"

"खिडकीत."

"हातात घातलं असतंस तर काटे फिरले असते की रे."

दादाने ते उचललं, धाकट्याच्या मनगटावर बांधलं. "आता काढू नकोस."

काढतो कसला! पट्टा तरुणपणीच्या मनगटाचा होता. शेवटच्या भोकात जो रुतला, तो रुतला.