बॅटरी काढलेला जनरेटर

मित्रांनो, वसईतल्या सागरदीप सोसायटीच्या मागच्या गेटाशी, पत्र्याच्या शेडमध्ये एक काळपट लोखंडी धूड दिसतं. तोच मी, जुना डिझेल जनरेटर. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड ऐकायचं असेल तर गच्चीवरच्या सोलर पॅनेलांकडे जा. अर्थात त्यांच्याकडेही आता फारसं गोड काही उरलेलं नाही.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मला जोडलं आणि ट्रकवर घालून इथे आणलं. तेव्हा वसईत रोज चार-पाच तास भारनियमन असायचं. लाइट गेली की मी धडधडत सुरू व्हायचो. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि घरटी एक दिवा, एक पंखा माझ्या जिवावर चाले. माझ्या उजेडात किती मुलं दहावी पास झाली, त्याला गणती नाही. शेजारच्या सोसायट्यांतले लोक मला बघायला यायचे आणि आमचे सभासद कॉलर ताठ करून फिरायचे.

माझी निगा राखायचे तिसऱ्या मजल्यावरचे प्रल्हादकाका. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून त्यांचा जन्म गेला होता. माझं ऑइल बदलताना ते माझ्याशी बोलत. "आज घसा बसलाय वाटतं तुझा," असं म्हणून फिल्टर उघडत. माणसाने यंत्राला इतकं जपावं, याचं मला फार अप्रूप वाटे.

पुढे त्यांच्या पत्नीला, मनोरमाकाकूंना फुप्फुसाचा आजार जडला. हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं एक मशीन त्यांच्या पलंगाशी आलं. ते विजेवर चाले आणि त्याची नळी चोवीस तास काकूंच्या नाकाला असे. लाइट गेली की मी ते मशीन चालवायचो. पण माझा धूर नेमका त्यांच्याच खिडकीत शिरायचा. ज्या मशीनने त्या श्वास घेत ते मी चालवत होतो, आणि त्यांच्या खोकल्यालाही मीच कारण होतो. मला ते कळत होतं, पण धूर आवरणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटी माझ्या शेडसमोरच्या आवारात सोसायटीची सभा भरली. गच्चीवर सोलर बसवायचं का, असा विषय होता. सेक्रेटरी संकेत म्हणाला, "आपला देश बहुतेक तेल बाहेरून आणतो. आखातात जरा खुट्ट झालं की इथे डिझेल महाग. ही गुलामी किती दिवस? सूर्य फ्री आहे, यार!"

तळमजल्यावरचा डॉमनिक उसळला. तो मूळचा पाचूबंदरचा, घरची मासेमारीची बोट असलेला. "फ्री कसला? पावसात चार महिने कुठे जातो तुझा सूर्य? माझी बोट डिझेलवर चालते. ते पत्रे डोक्यावर घेऊन समुद्रात कोन जाईल?"

मग जुंपलीच. कोळसा, धरणं, अणुभट्ट्या, परदेशी कंपन्या, सगळं निघालं. देशाचं पुढे कसं होणार, यावर ज्याने त्याने तोंडसुख घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या विनयाबाईंनी विचारलं, "पण सोलर बसवल्यावर लाइट गेली तर काय होईल?"

सगळे हसले. "अहो ताई, सोलर असताना लाइट जाईलच कशी?" संकेत म्हणाला.

पॅनेलवाल्या कंपनीचा माणूस माझ्या शेडला टेकून उभा होता. "बॅटरी नसेल तर जाणार," असं तो दोनदा म्हणाला. त्या गलक्यात ते फक्त मी ऐकलं, आणि मला बोलता येत नाही. सोलरची वीज साठवणारी बॅटरी महाग पडते, ती नको, असं आधीच ठरून गेलं होतं.

सभेत शेवटी उठले प्रल्हादकाका. "जनरेटर बंदच करा. माझ्या बायकोला त्याचा धूर सोसत नाही," एवढंच बोलून ते खाली बसले. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

पॅनेलं बसली, फोटो काढले गेले. काकांनी स्वतःच्या हाताने माझी टाकी रिकामी केली, बॅटरी काढून भंगारवाल्याला दिली. घरात अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडरही त्यांनी दुकानात परत केला. सोलर आलं, आता कशाला लागतोय, असं त्यांना मनापासून वाटलं. मी तेवढा शेडमध्ये राहिलो, कारण मला उचलायला क्रेन कोणी आणायची यावर समितीत एकमत होईना.

मधले काही महिने लाइट गेली तरी दोन मिनिटांत परत येई, म्हणून कोणाला शंका आली नाही. यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी मात्र ट्रान्सफॉर्मर जळला. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. गच्चीवर पॅनेलं लखलखत होती आणि इमारतीत एक पंखा फिरत नव्हता, काकूंचं मशीनही बंद पडलं होतं. बाहेरच्या तारेतली वीज गेली की पॅनेलांनाही गप्प बसावं लागतं, नाहीतर त्यांची वीज तारेत उलटी शिरून खांबावर चढलेला वायरमन शॉक लागून मरेल. नियम शहाणपणाचाच आहे. त्याला तोड म्हणून बॅटरी ठेवतात.

हे काकांना कुठे ठाऊक? पाऊण तास ते आणि संकेत गच्चीवर एकेक बटण दाबून बघत होते. "होईल काका, आत्ता होईल," म्हणता म्हणता संकेतचा आवाज रडवेला झाला. विनयाबाई काकूंना वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. ॲम्ब्युलन्स बोलावली, ती रस्त्यात अडकली.

मग काका माझ्याकडे धावत आले. ज्याने स्वतःच्या हाताने माझी बॅटरी काढली होती, तोच माणूस पाना हातात घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. डॉमनिकने पाचूबंदरावरून बोटीची बॅटरी आणि डिझेलचा कॅन आणला. "काका, तुम्ही नट खोला, मी पंप मारतो," तो म्हणाला. महिनोन् महिने कोरड्या पडलेल्या माझ्या नळ्यांत हवा भरली होती. ती निघाल्याशिवाय मी पेटणार नव्हतो. घाईत काकांच्या हातून नट दोनदा खाली पडला.

चौथ्या प्रयत्नाला मी पेटलो. वर काकूंचं मशीन सुरू झालं. काका तीन मजले धावत चढले.

ऑक्सिजन येत होता. तो घ्यायला काकू उरल्या नव्हत्या.

पंधरा दिवसांत मला नवी बॅटरी बसली, टाकी भरली, हिरवा रंग लागला. सोसायटीच्या ग्रुपवर भांडण मात्र चालूच आहे. काही म्हणतात सोलरने घात केला, काही म्हणतात जनरेटरने आधीच छाती पोखरली होती. मला आणि सोलरला एकमेकांचे वैरी ठरवून सगळे मोकळे झाले. विनयाबाईंच्या प्रश्नाची आठवण कोणी काढत नाही.

मित्रांनो, जुनं टाका, नवं आणा, माझी तक्रार नाही. माझा धूर वाईटच होता. पण देशाच्या विजेवर बोलताना आपल्या जिन्यात कोणाचा श्वास तारेला टांगलेला आहे, ते आधी विचारा. आणि विचारणाऱ्याला हसू नका.

काल काका ऑक्सिजनचं मशीन दवाखान्याला देऊन टाकायला निघाले होते. माझ्यापाशी थांबले. नव्या रंगावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "उशीर केला रे आपण."