आमच्या बाजूची चूक

"साम्राज्यं बाहेरच्या शत्रूमुळे बुडत नाहीत, मर्व. ती आतून कुजतात. आणि हा देश आता पार कुजलाय!"

रूडी ड्रोब्निकने हे उभं राहून, दोन्ही हात पसरून, निम्म्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. झालं होतं एवढंच, की हॉट डॉगच्या गाडीवरचा तपकिरी मोहरीचा सॉस संपला होता आणि त्याला पिवळा मिळाला होता.

"रूडॉल्फ, खाली बसा," मागच्या रांगेतून मिसेस पेटिफोर्ड म्हणाल्या. "साम्राज्य बुडेल तेव्हा बुडेल. मला पिचर दिसत नाहीये."

मिसेस पेटिफोर्ड यांनी उभा जन्म शाळेत भूमिती शिकवली. त्यांनी 'खाली बसा' म्हटलं की पोर्ट हॅन्कॉकमधली अर्धी लोकसंख्या अजूनही खाली बसते. रूडी बसला.

रूडी पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. कारखाना गेला, क्रेन भंगारात गेली, उरले फक्त स्टोकर्स. स्टोकर्स म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. मी मर्व, न्हावी. रूडीचे केस मी तीसेक वर्षं कापले. आता कापायला केस नाहीत, पण खुर्चीत बसल्यावर चालायच्या त्या गप्पा आम्ही इथे, डाव्या मैदानामागच्या स्वस्त बाकांवर, पुढे चालू ठेवल्या आहेत.

यंदाच्या स्टोकर्सबद्दल मी बरं काही बोलणार नाही. वाईट संघ आम्ही पुष्कळ पाहिलेत. वाईट संघ खेळतो आणि हरतो. हा संघ नुसता हरायला येतो, वेळेवर येतो आणि हरून झालं की एकमेकांच्या पाठी थोपटतो. मालकाने चांगले खेळाडू विकले आणि त्या पैशातून, खेळाडूंचे भले थोरले फोटो दाखवायला मैदानात राक्षसी पडदा बसवला. मग लक्षात आलं की ज्यांचे फोटो दाखवावेत असं कोणी उरलंच नाही. तेव्हापासून पडद्यावर सट्ट्याच्या जाहिराती असतात.

त्यातही ड्वेन हॅसलिंगर. हा आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून जमिनीवरून येणारे चेंडू अडवणारा. ड्वेन चेंडूंना अडवत नाही. तो त्यांना वाट देतो. अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त चुका त्याच्या नावावर आहेत, आणि रूडीने त्यातल्या प्रत्येक चुकीला स्वतंत्र शिवी दिलेली आहे.

पण संघाची किळस एक वेळ सवयीची होते. सट्ट्याची होत नाही. पूर्वी सट्टा लावायला माणसाला लाज वाटायची. मागच्या गल्लीत जायला लागायचं, कॉलर वर करायला लागायची. आता जुन्या खेळाडूंच्या पुतळ्यांना टेकून लकीबेल कंपनीचा काउंटर उभा आहे आणि तिथली मुलगी "शुभेच्छा हं!" म्हणते. कोण जिंकणार एवढ्यावर भागत नाही. पुढचा चेंडू किती वेगाने येईल, कोण कधी बाद होईल, सगळ्यावर पैसे लागतात. प्रशिक्षक किती वेळा थुंकेल यावरही लागत असतील, मी चौकशी केलेली नाही.

रूडीचा जावई कर्टिस त्या दुपारी आमच्याबरोबर होता. विमा कंपनीत कामाला आहे. स्वभावाने गरीब, पण मान कायम खाली. समोर खरा सामना चाललेला असायचा आणि हा तोच सामना फोनवर बघायचा. फोनवर तो थोडा उशिरा पोचतो. त्यामुळे सगळे ओरडून बसले की मग कर्टिस ओरडायचा.

"वर बघ की रे जरा," रूडी म्हणाला. "फुकट दाखवतायत. तिकिटात धरलंय ते."

"बघतोय ना, डॅड. यात आकडेही दिसतात."

"आकडे! चर्चमध्ये गेलास तर मेणबत्त्या मोजत बसशील."

आता रूडीची एकुलती एक इच्छा सांगतो. त्याला नो-हिटर बघायचा होता. एका पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, नऊच्या नऊ डाव समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारू द्यायचा नाही, हे फार क्वचित घडतं, आणि स्टोकर्सकडून तर इतिहासात एकदाच घडलं. त्या दिवशी तरुण रूडीच्या खिशात तिकीट होतं. फोरमनने जादा पाळी लावली. फोरमन पुढे वारला तेव्हा रूडी प्रेतयात्रेला गेला, पण फुलं नेली नाहीत.

त्या दुपारी पिचर होता एलिसेओ बार्रिएन्तोस. वय सदतीस, खांद्याला पट्ट्या. मालकाला तो विकता आला नव्हता, कारण कोणी घेईना. सहावा डाव संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरच्यांना अजून एकही हिट मिळालेला नाही. मी रूडीकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांनी लगेच नजरा फिरवल्या.

कारण हे बोलायचं नसतं. नो-हिटर चालू असताना तो शब्द उच्चारला की तो मोडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खेळाडू त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत. आणि प्रेक्षकांनी, जो जसा असेल, तसंच राहायचं. रूडीच्या शर्टावर पिवळा सॉस सांडला होता, त्याने तो पुसला नाही. मिसेस पेटिफोर्ड यांनी पाचव्या डावात टोपी काढली होती, त्या उन्हात बोडक्या डोक्याने भाजत राहिल्या. माझा एक पाय मुंग्या येऊन मेला होता. मी त्याला मेलेलाच ठेवला.

"डॅड, लक्षात आलं का तुमच्या?" कर्टिस म्हणाला. "अजून एकही हि..."

रूडीचा पंजा त्याच्या तोंडावर बसला. क्रेन चालवलेला पंजा होता.

"माझ्या मुलीचा नवरा आहेस," रूडी हळूच म्हणाला, "म्हणून नुसता हात ठेवलाय."

आठवा डाव सुरू झाला. मैदानात अशी शांतता, की बियरवालेही हातवारे करून विकत होते. आणि तेवढ्यात पडदा लखलखला, घंटा वाजली, आणि घराएवढ्या अक्षरांत उमटलं: 'नो-हिटर पूर्ण होईल का? एकाचे नऊ! आत्ताच लावा!'

मी आयुष्यात बरीच गलिच्छ माणसं पाहिली आहेत. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस काय काय बोलतो! पण असं काही पाहिलं नव्हतं. आमच्याच मैदानात, आमच्याच पडद्याने, तो शब्द उच्चारला होता. मिसेस पेटिफोर्ड यांनी शिवी दिली. एकच, पण बिनचूक. रूडीचा चेहरा पांढरा पडला. आणि आमच्या आजूबाजूच्या रांगांमध्ये, वारा आल्यावर गवत वाकावं तशा माना खाली वाकल्या, फोनवर.

कर्टिसचीही वाकली.

"काय लावलंस?" रूडीने विचारलं.

"डॅड, रागावू नका. भावना बाजूला ठेवून विचार केला."

"काय लावलंस?"

"होणार नाही यावर. सदतीस वर्षांचा आहे हो तो! आणि मागे ड्वेन उभा आहे."

रूडी मधून उठला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. म्हणजे त्याने जागा बदलली. नो-हिटर चालू असताना! त्याला किती किळस आली होती हे मला तेव्हा कळलं.

नववा डाव. दोन बाद झाले. तिसरा बाद झाला की डाव संपतो, म्हणजे आता एकच हवा होता.

बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला. गेला तो नेमका ड्वेनच्या डावीकडे. ड्वेनने, आणि हे मी शपथेवर सांगतो, सूर मारला. या हंगामात पहिल्यांदाच. चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला लागला, उडाला आणि गवतात गेला. बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप.

आता प्रश्न असा: हा हिट की ड्वेनची चूक? साध्या माणसाला अडवता आला असता तर चूक, आणि मग नो-हिटर जिवंत. नसता आला तर हिट, आणि सगळं संपलं. हे ठरवतो वर पत्रकारांच्या कक्षात बसलेला अधिकृत स्कोअरर, एकटा.

रूडी उभा राहिला.

"चूक!" तो ओरडला. "चूक! अरे, माझ्या आजीने कडेवर पोर घेऊन अडवला असता! ड्वेन, बाळा, शाब्बास! काय घाण खेळलास रे राजा!"

सगळं मैदान "चूक! चूक!" ओरडायला लागलं. आपल्या माणसाच्या नालायकीवर इतका विश्वास मी कुठे पाहिलेला नाही. ड्वेन मैदानात उभा राहून हे ऐकत होता. त्याने टोपी किंचित वर केली. बिचाऱ्याला त्या मैदानात पहिल्यांदाच टाळ्या पडत होत्या.

पण सगळं मैदान नाही. आमच्या उजवीकडून दुसरा आवाज यायला लागला. स्टोकर्सचे शर्ट घातलेली, स्टोकर्सच्या टोप्या घातलेली माणसं बाकांवर चढून "हिट! हिट!" ओरडत होती. त्यांत कर्टिस होता. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं 'बार्रिएन्तोस'. शर्ट त्याला रूडीनेच वाढदिवसाला दिलेला.

खेळ थांबत नाही. पुढचा बॅटर येऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात पडद्यावर निकाल आला: 'चूक.'

काय आरडाओरडा झाला! मी मेलेल्या पायावर उभा राहिलो. पण त्या गदारोळातून उजवीकडून स्कोअररच्या नावाने हाका यायला लागल्या.

"विकला गेला!"

"किती घेतलेस रे? लकीबेलचा जावई आहेस का?"

रूडी गर्रकन मागे वळला. मैदानाकडे पाठ, त्या लोकांकडे तोंड.

"आंधळा म्हणा!" तो गरजला. "अरे, आंधळा म्हणा त्याला! पन्नास वर्षं आम्ही त्याला आंधळाच म्हणत आलो. त्याची आई काढली, चष्मा काढला, सगळं केलं. पण विकला गेला असं कोणी म्हटलं नाही! आंधळा असणं इज्जतीचं असतं, भिकारड्यांनो! तुम्ही स्वतः विकले गेलात म्हणून..."

"रूडी," मी म्हणालो.

"थांब रे! ...म्हणून तुम्हाला सगळं जग बाजार दिसतं! आज तो खरं बोलला तरी तुम्ही..."

"रूडी, मागे बघ."

त्याच्या पाठीमागे चेंडू उंच, अगदी उंच उडाला होता. खाली ड्वेन हॅसलिंगर दोन्ही हात वर करून, दारू प्यायल्यासारखा गोल फिरत होता. चेंडू खाली आला आणि ड्वेनने तो झेलला.

रूडी वळला तेव्हा बार्रिएन्तोस सहकाऱ्यांच्या ढिगाऱ्याखाली दिसेनासा झाला होता.

परत जाताना गाडीत आम्ही दोघेच होतो. कर्टिस लकीबेलच्या काउंटरवर तक्रार करायला थांबला होता. तिथे रांग लागली होती. ऊन अजून कडक होतं. रूडीने बराच वेळ शर्टावरचा सॉस नखाने खरवडला.

"मर्व, खरं सांग. हिट होता का रे तो?"

"तुला काय वाटतं?"

"हिट होता," तो म्हणाला. "बहुतेक. देवालाही अडवता आला नसता. पण समज, त्या स्कोअररला खरंच चूक वाटली असेल. पूर्वी त्याला प्रामाणिकपणे चुकता यायचं. आता येत नाही. आता हिट म्हटलं तरी विकला गेला, चूक म्हटलं तरी विकला गेला. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळाली तर तिला असला वास! हात धुवावेसे वाटतायत."

"फोन कर ना," मी म्हणालो. सामन्यानंतर रेडिओवर बिग लेनीचा कार्यक्रम असतो. गावातले सगळे चिडलेले लोक तिथे फोन करतात. हरलो की लाइन मिळत नाही.

"करतोच! सगळं बोलतो. मालकाला सोडत नाही, लकीबेलला सोडत नाही. आणि हिट होता असंही सांगतो. कोणीतरी आपल्या तोट्याचं खरं बोलायला हवं या गावात."

त्याने नंबर लावला. मी गाडी कडेला घेतली. असं भाषण चालत्या गाडीत ऐकायचं नसतं. रूडीने घसा साफ केला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हा फोन तुमच्यापर्यंत आणलाय लकीबेलने!" रेडिओ म्हणाला. रूडीने डोळे मिटले. "बोला, पोर्ट हॅन्कॉकचे रूडी! तुम्ही आता लाइव्ह आहात! काय म्हणता, हिट की चूक?"

रूडीने श्वास घेतला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हॅलो, रूडी? आहात ना?"

"आहे," रूडी म्हणाला. त्याने मांडीवरची टोपी एकदा फिरवली. मग अगदी खालच्या आवाजात, मिसेस पेटिफोर्ड यांनी खाली बसवलेल्या पोरासारखा, तो म्हणाला, "लेनी, तो शेवटचा झेल... तुमच्याकडे असेलच ना? जरा परत लावता का? मी तेव्हा दुसरीकडे बघत होतो."